हाडवैद्य ब्रास्क आणि आर्डिसचं मनगट

लेलंड ब्रास्कच्या हाताला गुण होता आणि डोक्यात राख घालून घ्यायची सवय होती. आयोवातल्या त्या गावाला दोन्ही गोष्टी पाठ होत्या. सगळे त्याला डॉक म्हणत. औषधाची एक गोळीही तो देत नसे. मान, पाठ, कोपर, मनगट, जे काही जागचं हललं असेल ते दाबून, ओढून जागेवर बसवणारा तो हाडवैद्य होता. एकदा थांबावं लागलं म्हणून शिव्या देणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला त्याने दवाखान्याच्या काचेच्या दारातून बाहेर फेकला. मग स्वतः बाहेर गेला, त्याच्या पाठीतल्या काचा उपटल्या आणि निखळलेला खांदा तिथेच बर्फात बसवून दिला. वर त्याच्याकडून फीसुद्धा घेतली.

गावात डुकरं कापायचा कारखाना होता, त्यामुळे लेलंडला पेशंटांची ददात नव्हती. तासाला हजार डुकरं, आणि मांस पुढे नेणारा सरकता पट्टा कुणासाठी थांबत नसे. मांडीचं मांस हाडापासून सोडवायला माणसाला काही सेकंद मिळत. सुरी बोथट झाली तर तिची धार मनगटाने भरून काढायची. पाय घसरून कुणाची सुरी शेजाऱ्याच्या दंडात शिरे, कुणाची स्वतःच्याच पोटात. तेवढी जागा पाण्याच्या नळीने धुऊन काढत आणि दुसरा माणूस उभा करत. पण सुरी लागणारे थोडे. बाकीच्यांचे हात हळूहळू जात. आधी बोटांना मुंग्या येत, मग झोपेतून उठवणारी कळ, मग कप हातातून सुटायचा. त्या गावात बाया-माणसं बोलता बोलता हात झटकत, ओल्या हाताचं पाणी झटकावं तसं. हस्तांदोलन तर कुणी करतच नसे. भेटलं की एकमेकांच्या कोपराला धरायचं. बाहेरचा माणूस हात पुढे करी, तेव्हा गावकरी त्या हाताकडे नुसतं बघत राहत.

आर्डिस स्ट्रोम चौदा वर्षं त्या पट्ट्यावर होती. नवरा गेलेला, घरात ट्रीना नावाची मुलगी. दर गुरुवारी ती लेलंडच्या टेबलावर उजवा हात ठेवी. तो आधी मान मोकळी करी, मग कोपर, मग मनगटातली ती खड्यांएवढी हाडं एकेक करून सैल करी. हाडं कटकन वाजली की आर्डिस त्याच्या आईचा उद्धार करायची आणि मग हसायची.

"डॉक, एवढा हात तर माझ्या नवऱ्यानं लग्नातसुद्धा धरला नव्हता."

"त्याला काय ठाऊक तू कसल्या शिव्या देतेस ते. धरला असता तर पळाला असता."

मग कारखान्याने पगार कापला, पट्ट्याचा वेग वाढवला आणि ऑक्टोबरात संप झाला. पहिल्याच महिन्यात गावात नवल घडलं. हात बरे व्हायला लागले. लोक सलग झोपू लागले, बटणं लावू लागले. संपवाले भेटले की मुद्दाम हस्तांदोलन करत, चांगलं करकचून, आणि खिदळत. लेलंडचा दवाखाना ओस पडला. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण त्याचा धाकटा भाऊ वेंडेल संपात होता.

जानेवारीत कारखान्याने बदली माणसं आणायला सुरुवात केली. काचांना काळा रंग फासलेल्या गाड्या पहाटे फाटकातून आत घुसत, त्यावर विटा, बर्फाचे गोळे, नटबोल्ट बरसत. गाडीत कोण बसलंय ते दिसत नसे, म्हणून गावातला प्रत्येक जण प्रत्येकावर संशय घेऊ लागला. अशाच एका पहाटे वेंडेल गाडीला आडवा गेला आणि कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या दांडक्याने त्याचा डावा डोळा फुटला. लेलंडने त्याला गाडीत मांडीवर घेऊन इस्पितळात नेलं. त्या दिवसापासून लेलंड कुणाशी धड बोलेना.

फेब्रुवारीत एका गुरुवारी आर्डिस आली. मनगट सुजलेलं होतं. लेलंडने आतल्या बाजूने दोन बोटांनी टिचकी मारली आणि तिने हात झटकला.

"काय केलंस?"

"लाकडं फोडली."

"कुऱ्हाडीनं?"

"नाही, दातांनी! कुऱ्हाडीनंच की."

लेलंडने हात उलटा केला. तर्जनीच्या कडेला सुरीच्या मुठीचा घट्टा होता, नुकताच सोललेला. कुऱ्हाडीचा घट्टा कुठे पडतो ते त्याला पक्कं माहीत होतं. टेबलावर हाताला जे कळलं ते तोंडातून काढायचं नाही, एवढा एकच नियम त्याने जन्मभर पाळला होता. त्याने मान सोडवली, कोपर सोडवलं, मनगट मोकळं केलं आणि झोपताना मनगटाला बांधायला कडक पट्टा दिला. पण आत त्याला एकच दिसत होतं. वेंडेल रस्त्यावर पडलाय, आणि ही त्या काळ्या काचेमागे बसलीय.

शनिवारी दुपारी युनियनच्या हॉलमध्ये संपवाल्यांचं जेवण होतं, घमेल्यात राजमा-खिम्याची चिली आणि बाजूला दालचिनीचे रोल. लेलंड डाव घेऊन वाढायला उभा होता. आर्डिससुद्धा रांगेत होती. न येणं म्हणजे स्वतःहून कबुली दिल्यासारखंच होतं, म्हणून ती मुकाट्याने आली होती. तिने डाव्या हातात ताटली धरली होती. पाठीमागे काळी पट्टी बांधलेला वेंडेल बाकावर बसून रोल खात होता, आणि एका डोळ्याचा अंदाज नसल्यामुळे कॉफी त्याच्या पँटवर सांडत होती.

"आर्डिस," लेलंड म्हणाला, "मनगटाला पट्टा लावतेस ना? हात अजून बधिर होतो का?"

प्रश्न साधा होता. गेली कित्येक वर्षं किराणा दुकानात, चर्चच्या पायरीवर त्याने तो शंभर जणांना विचारला असेल. पण त्या हॉलमध्ये चार महिने कुणाचाच हात बधिर झाला नव्हता, आणि त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. चमचे थांबले.

फाटकावर धरणं धरणाऱ्या संपवाल्यांचा म्होरक्या व्हर्जिल पेखा उठून आला. त्याने हसत हात पुढे केला.

"कशी आहेस आर्डिस? हात मिळव की."

"ताटली आहे हातात."

"डाव्यात आहे ताटली. उजवा दे."

तिने दिला. व्हर्जिलने दाबला. आर्डिस गुडघ्यांवर आली आणि चिली तिच्या छातीवर सांडली.

"संपफोडी!" कुणीतरी किंचाळलं, आणि हॉल उठला.

तिचे केस कुणी धरले, कुणी पेकाटात लाथ घातली. ज्या बायकांनी तिच्या नवऱ्याच्या मर्तिकाला केक आणले होते त्यांनीच तिचा कोट फाडला. लेलंड टेबलावरून उडी मारून आला. त्याने आधी डावाने व्हर्जिलचं तोंड फोडलं, डाव वाकला तेव्हा मुठी वापरल्या. व्हर्जिलचा जबडा मोडल्याचं त्याला आवाजावरूनच कळलं, आणि तरी तो मारत राहिला. तोवर आर्डिस दारापर्यंत सरपटत गेली होती. चौकट धरून ती उठायला गेली, आणि कुणीतरी ते लोखंडी दार तिच्या हातावर आपटलं. एकदा आपटून त्याचं समाधान झालं नाही. कोण ते आजतागायत कुणी बोललेलं नाही.

व्हर्जिलचा जबडा तारेने बांधला. आर्डिसच्या मनगटात सळ्या घातल्या. गाव म्हणालं, डॉकची जीभ घसरली बिचाऱ्याची, पण तिला वाचवायला वाघासारखा धावला. दवाखान्यात कुणी तसं म्हटलं की लेलंड ते निमूट ऐकून घेई, आणि त्याला स्वतःची किळस येई.

प्लास्टर कापलं त्या आठवड्यात तो तिच्या घरी गेला. फुटलेल्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या होत्या. ट्रीना शाळेत होती. आर्डिसने हात स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. अंगठ्याखालचं मांस पार वाळून गेलं होतं. लेलंडने बोटं एकेक करून हलवून पाहिली. ती हलत होती, पण त्याने हलवली तरच.

"कारखान्यानं काढलं मला," ती म्हणाली. "सुरी धरता येत नाही म्हणून."

"रोज येईन मी. वर्ष लागेल, पण..."

"डॉक, एक सांग. एवढ्या मोठ्यानं का विचारलंस?"

लेलंडने मनगट सोडलं नाही. जीभ घसरली म्हणायची सोय होती. साऱ्या गावाने त्याला ती करून दिली होती.

"राग आला होता," तो म्हणाला. "वेंडेल समोर बसला होता."

"संपात कारखान्याचा औषधपाण्याचा विमा बंद झाला. ट्रीनाला दिवसाला दोनदा इन्शुलिन लागतं. तुला माहीत होतं हे."

"होतं."

"आणि तरी विचारलंस?"

"तरी विचारलं."

आर्डिसने डाव्या हाताने उजवा हात उचलला, त्याच्या बोटांतून सोडवला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"मग जाताना दार घट्ट ओढून घे," ती म्हणाली. "ती कडी लावायला दोन हात लागतात. मला आतून लावता येत नाही."