लाटांच्या टकरी

सकाळच्या भांडणानंतर आम्ही बोललो नव्हतो. मी मेथी निवडत होते. समोर हे लॅपटॉप उघडून बसले होते, निवृत्तीनंतरही न सुटलेलं काम घेऊन. एकेकट्या लाटा एकमेकींवर आदळल्या की त्यांचं काय होतं, हे यांनी जन्मभर तपासलं. पडद्यावर दोन उंचवटे समोरासमोर आले, एकमेकांत घुसले आणि जसेच्या तसे पलीकडे निघून गेले.

"बघितलंस? ओरखडासुद्धा नाही!" हे कौतुकानं म्हणाले.

बघायचं काय त्यात? पस्तीस वर्षं बघतेय. मी नोकरी सोडणार नाही म्हटलं, माझ्या आईला इकडे आणू या म्हटलं. प्रत्येक टकरीतून हे असेच बाहेर पडले. तीच उंची, तोच आकार. नोकरी माझी सुटली. आई गावी एकटीच वारली.

"नेहमी असंच होतं?" मी विचारलं.

"छे! समीकरण जरा बदललं की टकरीत थोडी ऊर्जा बारीक तरंगांतून निघून जाते. मग सुटून जायला जोरच उरत नाही. दोघी एकमेकींत अडकतात आणि तिथल्या तिथे थरथरत राहतात."

"किती वेळ?"

"पुष्कळ. हळूहळू विझतात." यांनी तेही दाखवलं. मी त्या थरथरीकडे बघत राहिले. लांबून पाहणाऱ्याला ती सोबत वाटली असती.

"हे काही देखणं नाही," हे म्हणाले. "मला पहिलंच आवडतं."

"तुम्हाला आवडणारच," म्हणत मी मेथीच्या काड्या गोळा केल्या.