नको म्हणायला मीच सांगितलं

हैदर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑपरेशनची लिस्ट संपवून चेंजिंग रूममध्ये बुटांच्या नाड्या बांधत होते. "अहो, परवा तर माझ्याकडे जेवला तो," असं मी फोनवरच्या माणसाला दोनदा सांगितलं, जणू त्यानं काही फरक पडणार होता... पन्नाशीही नव्हती हो त्याची! लायब्ररीत परीक्षेची पुस्तकं उघडून बसला होता, तिथेच मान टाकली. हार्ट. दोन महिने झाले, मला अजून खरं वाटत नाही.

हैदर इराकमधल्या बसऱ्याचा, लहान मुलांचा डॉक्टर. लढाईनंतर जीव वाचवून इकडे इंग्लंडात, नॉटिंगहॅमला आला. निर्वासितांसाठी मी शनिवारी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घ्यायचे, तिथे ओळख झाली. काम करायची परवानगी यायला तीन वर्षं लागली, आणि तेवढा काळ हा माणूस नुसता तडफडत होता. आमच्याकडे जेवला की ताटं उचलायला धावायचा. मी ओरडायचे, "अरे बस, पाहुण्यानं हात नाही लावायचा!" बसायचा बिचारा, पण चेहरा पडलेला. एकदा म्हणाला, "या देशात सगळे मला चहा देतात, काम कुणी देत नाही." आम्ही हसलो. आम्हाला काय कळलं होतं, डोंबल!

परवानगी आली आणि थोड्याच दिवसांत त्याला आमच्याच हॉस्पिटलात, मी सर्जन आहे तिथे, पोर्टरची नोकरी मिळाली. पेशंटच्या ट्रॉल्या या वॉर्डातून त्या वॉर्डात न्यायच्या. फोनवर इतका खूश होता... आणि मी? मी भडकले. "डॉक्टर ना तू? ट्रॉल्या ढकलणार? आधी इथली डॉक्टरकीची परीक्षा दे, मग ताठ मानेनं आत ये." आपल्या घरांत डिग्रीचा मान हा असा रक्तात भिनलेला. माणूस झुरून मेला तरी चालेल, पण चार लोकांत कमीपणा नको! तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर नको." आणि खरंच नको म्हणून कळवलं. परीक्षेत दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पुढच्या महिन्यात बसणार होता.

दफनाला आम्ही थंडीत कुडकुडत उभे होतो. तिथे पाच-सहा पोर्टर युनिफॉर्मवरच आले, गावातल्या दुसऱ्या हॉस्पिटलातले. मला वाटलं, चुकून आले. त्यातला एक म्हातारा जवळ येऊन सांगू लागला, "दीड वर्षं रोज सकाळी साडेसातला यायचा, व्हॉलंटियर म्हणून. व्हीलचेअर ढकलायचा, रडणाऱ्या पोरांना हसवायचा. आम्ही म्हणायचो, अर्ज कर की, पगार घे. तर म्हणायचा, नको, माझ्या मोठ्या बहिणीला ते कमीपणाचं वाटेल."

हैदरला बहीण नव्हती. मी त्याला पाहणार नाही असं हॉस्पिटल त्यानं शोधून काढलं होतं...

परवा सकाळी त्याच्या वेळेला त्या दुसऱ्या हॉस्पिटलात गेले. दाराशी व्हीलचेअरची रांग, आणि एका आजींना एक्स-रेला जायचं होतं. मी खुर्ची धरली. त्या म्हाताऱ्या पोर्टरनं मला ओळखलं. "राहू द्या, डॉक्टर, आम्ही आहोत ना."

"नाही हो, मला नेऊ द्या," मी म्हटलं आणि जोर लावला. खुर्ची जागची हलेना. तीस वर्षं हॉस्पिटलात काढली, पण ब्रेक कसा सोडतात ते मला माहीत नव्हतं. त्यानं वाकून दाखवलं.