खेकड्याचे सलग तीस दिवस

किस्से आणि डब्यांची झाकणं, दोन्ही कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात नुसतं राहिलं की साठतात. त्यातून माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट सोसायटीच्या स्विमिंग पूलवर उघडते. आता पोळ्या लाटताना काय डोळे मिटून घ्यायचे? दिसतं म्हणून बघते, आणि बघितलं की विचारते. आमचे हे मला 'चौकशी समिती' म्हणतात. म्हणोत!

ठाकुर्लीच्या आमच्या टॉवरमध्ये दोन वर्षांपूर्वी पूल साफ करणारा रोबो आला. तेव्हापासून माझ्याकडे साठलेली ही झाकणं.

*

रोबो म्हणजे प्रवासी बॅगेएवढा प्रकार. खाली चाकं आणि ब्रश, मागे लांबलचक निळी वायर. पाण्यात सोडला की तळावर फिरतो आणि कचरा ओढून पोटातल्या जाळीत घेतो. आणला आमच्या सेक्रेटरींनी, लेलेंनी. लेले रिटायर्ड, शिस्तीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं.

घरात सायकल आली तरी आपण हार घालतो, मग हा तर रोबो! हळद-कुंकू झालं, अक्षता झाल्या, झेंडूचा हार झाला. पूलच्या काठावर नारळ फोडला. टाळ्या वाजल्या आणि रोबो पाण्यात गेला.

अकरा मिनिटं चालला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे सावंत घोडबंदरहून आले. त्यांनी जाळी उघडली. आत मूठभर तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या आणि करवंटीचा एक तुकडा.

"पूजा केलीत का?" सावंतांनी विचारलं.

लेले म्हणाले, "पूजा करू नये असं मॅन्युअलमध्ये कुठल्या पानावर आहे, तेवढं दाखवा."

सावंतांनी उभ्या उभ्या अख्खं मॅन्युअल चाळलं. कुठेच नव्हतं!

*

आता भोईरमामांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

रोबो यायच्या आधी पूल मामा साफ करायचे. लांब दांड्याची जाळी, ब्रश आणि खांद्यावर पंचा. माणूस इथलाच. आमचा टॉवर आहे तिथे पूर्वी त्यांच्या चुलत्यांची भातशेती. वय सत्तावन्न, घर पाच मिनिटांवर, धाकटी मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. या वयात नवीन काम कोण देणार?

जनरल बॉडीत ठराव झाला, की रोबो सलग तीस दिवस न बिघडता चालला की मामांचं काम बंद. 'सलग' हा शब्द लेलेंनी स्वतः घातला. म्हणाले, "ठराव कसा, पक्का पाहिजे."

लॉबीत फळा लागला. 'रोबो – सलग दिवस', आणि पुढे खडूने आकडा. वॉचमन रोज संध्याकाळी बदलायचा. बिघडला की शून्य. मामा येता-जाता फळ्याकडे बघायचे, जसे आपण वजनकाट्याकडे बघतो. बघायचं नसतं, पण नजर जाते.

रोबोला 'खेकडा' हे नाव मामांचंच. मी विचारलं, "मामा, खेकडा का हो?"

"तिरपा चालतोय ना! पन वहिनी, खेकड्याला ठाव असतं कुठं जायचंय. ह्याला नाय."

*

डॉक्टरांच्या दारात पाय ठेवला की ताप उतरतो ना, तसं याचं होतं. सकाळपासून तळाला मढ्यासारखा पडलेला असायचा. सावंत दोन तास ट्रॅफिक काढून यायचे, बॅग उघडायचे, बटण दाबायचे, आणि हा चालू! सावंत परत जाताना दुर्गाडीच्या पुलापर्यंत पोचले नसतील तोच बंद.

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी लेले अगदी शांतपणे म्हणाले, "सावंत, तुमचा एक फोटो द्या. लॅमिनेट करून इथे लावतो."

सावंतांना वाटलं चेष्टा आहे. लेले चेष्टा करत नाहीत. पूलच्या रेलिंगला फोटो लागला. रोबो सहा दिवस चालला, एकदाही बंद नाही! आमच्या ह्यांनी फोटोला उदबत्ती लावायचंही सुचवलं होतं.

सातव्या दिवशी वारा सुटला आणि फोटो पाण्यात पडला. रोबो त्यावरून गेला, फोटो अडकला, फळ्यावर शून्य.

सावंत आले. जाळीच्या तोंडातून त्यांनी स्वतःचाच फोटो ओढून काढला. उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "गाल जरा सुटलेत माझे."

*

एकदा सकाळी बघते तर रोबो कडेला ठेवलेला आणि मामा जाळीने पानं काढतायत. शेजारच्या पिंपळाची पानं पडतात भरपूर. मी खिडकीतूनच ओरडले, "मामा, आज पण बिघडला का?"

"नाय वो. पानं असली का त्याचा गला चोकअप होतो. म्हनून लेले साहेब बोलले, खेकडा सोडायच्या आधी टँक साफ करून ठेवा."

"मग साफ तुम्हीच करता. तो काय करतो?"

मामांनी जाळी झटकली. "तो खातरी करतो."

मी हसणार होते. पण भांडीवाली यायच्या आधी मी भांडी विसळून ठेवते. 

*

आता आमच्या ह्यांचा किस्सा. सांगायचा नव्हता, पण बाकीचे सांगतातच, मग मीच सांगते.

हे आंबिवलीच्या कारखान्यात तीस वर्षं होते, स्टोअरमध्ये. मशीनला हात कधी लावला नाही, पण कारखान्यात होते ना! त्यामुळे मशीनचं मत यांचं. एकदा रोबो बंद पडल्यावर यांनी कान लावून ऐकलं आणि निदान सांगितलं, "पाणी लागलंय."

मी म्हटलं, "अहो, तो पाण्यातच असतो."

"तेच तर! पाण्यात राहून राहून लागलं."

आमच्या लेकीचा, पिंकीचा मोबाईल बादलीत पडला होता, तेव्हा दोन दिवस तांदळात ठेवल्यावर सुरू झाला होता. ह्यांना तेच आठवलं. मग घरोघर तांदूळ मागितले. आमच्याकडून कोलम, वरच्या मजल्यावरून इंद्रायणी, कुणी रेशनचा, कुणी पोह्याचा डबाच दिला. लेलेंनी बासमती दिला, पण तुकडा. क्लब हाऊसमध्ये निळ्या ड्रममध्ये रोबो गळ्यापर्यंत पुरला. तीन दिवस. वर कुणीतरी झाकण म्हणून परात ठेवली.

तिसऱ्या दिवशी सावंत आले. परात उचलली. ड्रममध्ये हात घातला, मूठ वर काढली आणि माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाले, "पुन्हा तांदूळ?"

*

लेलेंची आई, इंदूआजी. वय ब्याऐंशी. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडल्या, तेव्हापासून काठी. डॉक्टरांनी पाण्यात पाय हलवायला सांगितले. रोज सकाळी आजी पूलच्या पायऱ्यांवर कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहायच्या आणि मामा जाळीचा दांडा आडवा धरायचे. दांड्याला धरून आजी पाय मागेपुढे करायच्या. "आजी, आज कल्यानपर्यंत जाऊ," असं म्हणत मामा मोजायचे. पन्नास झाले की आजी म्हणायच्या, "आलं का रे स्टेशन?"

फळ्यावर अठरा झाले तेव्हा आजींनी लेलेंना विचारलं, "भोईर गेला की मला कोण धरणार?"

"आई, रोबो आहे ना. पूर्ण ऑटोमॅटिक आहे."

"हात देतो का तो?"

लेलेंनी मॅन्युअल उघडलं नाही.  त्या दिवसापासून व्यायाम झाला तरी आजी घरी जाईनात. पूलजवळच्या बाकावर बसून राहायच्या, रोबोकडे बघत. मला वाटलं, उन्हाला बसल्या असतील.

*

त्या वेळी मात्र खेकड्याला काय झालं होतं कोण जाणे. वीस झाले. पंचवीस झाले. एकोणतीस झाले! सावंतांनी फोन करून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" त्यांनाही करमेना.

तिसाव्या दिवशी सकाळी कमिटी पूलवर जमली. लेलेंनी पेढे आणले. मामांनी जाळी धुऊन, पुसून भिंतीला लावली होती. पंचा घडी करून हातात. मी खाली गेले होते, बघायलाच. मामा मला हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आजींला पायरीवरून उतरवताना डाव्या बाजूनं धरायचं. उजवा गुडघा दुखतोय त्यांचा." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खेकडा पाण्यात गेला. एक चक्कर, दोन चक्कर. तिसऱ्या चकरेत बाकाजवळच्या कडेला आला आणि मिक्सरमध्ये हळकुंड टाकल्यासारखा आवाज झाला. मग काहीच आवाज नाही.

सावंत त्या दिवशी सत्कारासाठीच आले होते. त्यांनी वर काढला, उलटा केला, ब्रशच्या आत बोटं घातली आणि जे निघालं ते हातरुमालावर ठेवलं.

कवळी! वरची.

 सगळ्यांनी जिभेने आपापले दात चाचपले, मीसुद्धा. मग लेले सावकाश वळले. बाकावर आजी तोंडाला पदर लावून बसलेल्या.

"आई?"

"शिंक आली," आजी पदराआडून म्हणाल्या.

लेले शिस्तीचे. त्यांनी बाकापासून पाण्यापर्यंत पावलं टाकून अंतर मोजलं. नऊ पावलं भरलं. मग एका पेनाने वहीत काहीतरी लिहिलं, दुसऱ्या पेनाने खोडलं आणि वॉचमनला म्हणाले, "फळ्यावर शून्य लिही."

पेढे आणलेच होते, ते वाटले. मामांनी आजींचा पेढा कुस्करून दिला आणि जाळी भिंतीवरून काढली.

सावंतांनी रोबो दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा एक आला. मग दोन, मग तीन. लेलेंनी बाक उचलून पूलपासून लांब, सोसायटीच्या गेटजवळ नेऊन ठेवला. आजी काठी टेकत तिथे जाऊन बसू लागल्या.

परवा फळ्यावर अठ्ठावीस होते. दुपारी माझी बेल वाजली. दारात इंदूआजी. कवळी तोंडात, नवी. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. मागे वळून लिफ्टकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडे एखादा जुना चष्मा आहे का? नंबर कुठलाही चालेल."