कालेर्वोचा नेम

"नेम माझा!" हे आमच्या कालेर्वोचं आयुष्यभराचं पालुपद.

हंगाम संपला की आमचं शिकारमंडळ अख्ख्या गावाला मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या दांडग्या हरणाच्या, मटणाचं सूप जेवू घालतं. दरवर्षी हा गडी हातात वाडगा घेऊन उभा राहायचा आणि सांगायचा, "एका गोळीत आडवा! नेम माझा!" त्याची बायको लेम्पी, म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याबरोबर पातेलं ढवळत असायची. त्याची सगळी काडतुसं तीच घरी भरायची. ज्या टेबलावर वेलचीचे पाव वळायची, त्याच टेबलावर दारू तोलायची, जड गोळ्या बसवायची. रायफलीवरची दुर्बीणसुद्धा त्या काडतुसांना तिनेच जुळवून दिलेली. ह्या बाबाला रश्शातल्या मिठाचा अंदाज नाही!

गेल्या हिवाळ्यात लेम्पी गेली. पिठाच्या कपाटात तिने भरलेल्या काडतुसांची एक डबी उरली. कालेर्वो तिला कुणाला हात लावू देईना, स्वतःही लावेना.

मग नेमबाजीची परीक्षा आली. हंगामाआधी ती पास झाली नाही की त्या वर्षी मूसची शिकार बंद, आणि शिकारीला बसायचा दलदलीकाठचा कालेर्वोचा ठरलेला खडक त्याच्या जावयाला जाणार. जावई आत्तापासूनच त्या खडकावर बसून डबा खायला लागला होता. कालेर्वोने दुकानातली काडतुसं आणली आणि प्लायवूडच्या मूसवर चार गोळ्या झाडल्या. चारही एकमेकींना चिकटून बसल्या, पण छातीवर आखलेल्या वर्तुळाच्या बाहेर, वीतभर मागे, थेट पोटात.

"मूस वाकडा ठोकलाय," कालेर्वो म्हणाला. आणि गाडीतून टेप आणून खरंच मूसचं पोट मोजायला लागला! मी तिथे कॉफी विकत होते. लाजेने मेले.

"अरे गाढवा, मूस सरळ आहे," परीक्षक एस्को ओरडला. "गोळी सुटताना नळी ओल्या फोकासारखी थरथरते. लेम्पीची जड गोळी रेंगाळत निघायची, ही हलकी गोळी घाईने निघते. ती निघते तेव्हा नळीचं तोंड भलतीकडे असतं. दुर्बिणीचा स्क्रू फिरव की झालं!"

"नाही फिरवणार. तो लेम्पीने लावलाय. फिरवला तर तिची काडतुसं चुकतील."

"मग तिचीच झाड."

"झाडली की संपली."

एस्कोने वहीत 'नापास' लिहिलं.

पण कालेर्वो कसला ऐकतोय! महिनाभर त्याने वीतभर पुढे नेम धरायचा सराव केला. छातीची पुढची कड, जिथे प्लायवूडच संपतं, तिथे. पुढच्या परीक्षेत चारही गोळ्या वर्तुळात.

"नेम कुठे धरला होतास?" एस्कोने विचारलं.

"मूस संपतो तिथे."

"देवा रे!" म्हणत एस्कोने त्याला पास केलं.

शिकारीच्या दिवशी त्याच्या खडकासमोर भलामोठा नर आला. खऱ्या मूसला लेम्पीचंच काडतूस, हे कालेर्वोने मनाशी ठरवलेलं. पण महिनाभराची सवय! नेम धरला वीतभर पुढेच. आम्ही धावत गेलो, तर रक्ताचा थेंब नाही. शेवाळावर मूसच्या दाढीचे केस पडलेले आणि मागच्या पाइनच्या झाडात भोक. फुकट हजामत करून घेऊन मूस निघून गेला होता.

कालेर्वो त्या भोकात बोट घालून उभा होता. हसत होता की रडत होता, कळेना.

सुपाच्या दिवशी पातेल्यात जावयाने मारलेला मूस शिजत होता. लोकांना तर निमित्तच हवं होतं. "काय कालेर्वो, नेम कुणाचा?"

तो वाडगा घेऊन उठला. नेहमीसारखा गावाकडे नाही, माझ्या पातेल्याकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

"नेम माझा होता," तो म्हणाला, "म्हणूनच चुकला. गोळी लेम्पीची होती. ती कधीच चुकली नाही."