पेटीवरून उठायचं नाही

त्या वर्षी आमची पलटण जम्मूकडच्या डोंगरात, नियंत्रण रेषेवर होती. पोस्टचं नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला काही कळणारही नाही. चौदा माणसं, तीन बंकर, एक एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन, एक रेडिओ सेट आणि एक ट्रान्झिस्टर. त्यांची पोस्ट नाल्यापलीकडे, सहाशे मीटरवर. हवा पडलेली असली की त्यांच्या लंगरातली भांडी ऐकू यायची. त्यांना आमची ऐकू जात असणार.

मी अंकुश, तेव्हा लान्स नायक. माझं गाव मांजरसुंब्याच्या बाजूला. पोस्टवर बीड जिल्ह्यातला दुसरा माणूस म्हणजे सिपाही बिभीषण थोरात, गेवराई तालुक्यातला. घरी मेंढरं, चार गुरं, थोडी कोरडवाहू. आई लहानपणी गेलेली, घरी एकटे वडील. त्यांना तो आबा म्हणायचा आणि दर पत्रात पाऊस पडला का एवढंच विचारायचा. पहिल्या दिवशी मला विचारलं, "नारायणगडच्या जत्रंला येत हुतास का?" मी म्हटलं, येत होतो. "मग आपुन एकमेकाला बगितलं आसंल की बे," म्हणाला, आणि तिथून आमची दोस्ती झाली.

आता क्रिकेटचं. आम्ही काही क्रिकेटचे दर्दी नव्हतो. एलबीडब्ल्यू म्हणजे नक्की काय, ते मला आजही सांगता येत नाही. बिभीषणनं तर गावात बाभळीच्या फळीनं जे खेळलं असेल तेवढंच. दुसऱ्या कुठल्या देशाशी मॅच असली तर ट्रान्झिस्टरला कोणी हातही लावायचं नाही. पण समोरच्यांशी असली की चौदाच्या चौदा माणसांचे कान तिकडे. ट्रान्झिस्टरचे सेल मेसच्या पैशातून यायचे आणि त्या दिवसासाठी राखून ठेवलेले असायचे.

गंमत अशी की त्या डोंगरात आपलं स्टेशन खरखरायचं आणि त्यांचं खणखणीत लागायचं. मग त्यांचीच कॉमेंट्री ऐकायची, उर्दूतली. सातारा-सांगलीची पोरं अर्ध्यात अडकायची. आम्हा दोघांना मात्र अडचण नव्हती. आमच्याकडे निजामाच्या राज्यातली निम्मी भाषा घरातच राहिलेली. आमचे पोस्ट कमांडर सुभेदार जगताप साहेब साताऱ्याचे. ते म्हणायचे, "चला, निजामाचे पाहुणे पुढं बसा आणि सांगा काय म्हणतोय तो."

मी रेडिओच्या डावीकडे अॅम्युनिशनच्या रिकाम्या पेटीवर बसायचो. एका मॅचला मी लघवीला उठलो आणि परत येईपर्यंत आपल्या दोन विकेट गेल्या. झालं. तेव्हापासून पोस्टवर ठरूनच गेलं की अंकुश पेटीवर बसला की आपलं बरं चालतं, अंकुश उठला की घात होतो. साहेबसुद्धा हसत म्हणायचे, "लान्स नायक, उठायचं नाही. हुकूम आहे." तुम्ही लोक घरी टीव्हीपुढे हेच करता. एकाला कोपऱ्यात बसवता, एकाला पाण्याचा तांब्यासुद्धा घेऊ देत नाही. आम्हीही तेच करत होतो. फरक एवढाच की आमचं घर उघड्या डोंगरावर होतं.

पाणी खाली झऱ्यावर होतं. वीस लिटरचा एक कॅन पाठीवर, एक छोटा हातात. पाण्याची पाळी रोज लागायची. माणूस पहाटे साडेचारला निघायचा, उजाडायच्या आत वर. एक माणूस झऱ्यावर, एक वर एलएमजीवर कव्हरला. वाटेत चाळीस पावलांचा उघडा पट्टा होता. तो त्यांच्या पोस्टवरून सरळ दिसायचा. तिथला नियम सोपा होता. पळायचं. थांबायचं नाही. मागं बघायचं नाही.

पण मॅचच्या दिवशी समोरून गोळी येत नसे. हे कोणी लिहून दिलेलं नव्हतं. दोन-तीन मॅचना आम्ही हे बघितलं होतं. त्यांच्या बंकरवर एरियलची तार ताणलेली दुर्बिणीतून दिसायची, चौका बसला की तिकडून ओरडा यायचा, आणि दिवसभर फायर बंद. माणसं आहेत ती, तीही रेडिओला चिकटलेली, असं आम्ही धरून चाललो. ही आमची पहिली चूक. शत्रू आपल्यासारखाच आहे हे खरं, पण त्यावर जीव टाकायचा नसतो.

त्या दिवशी पहाटे आडोसा देणारं धुकं लवकर उठलं आणि एकच खेप झाली. दुपारी तीनला पाणी संपत आलं. संध्याकाळचा स्वयंपाक, रात्रीचा चहा, सगळं अडलेलं. मॅच चालू होती, समोर शांत होतं. साहेब म्हणाले, "एक खेप आत्ता करून घ्या. पाळी कोणाची?"

पाळी माझी होती.

वेळ पंधरा चाळीस. त्यांना तीसेक धावा हव्या होत्या आणि हातात तीन विकेट. मी उठायला लागलो तर बिभीषणनं खांदा दाबून मला खाली बसवलं.

"तू बस बे. तू उटलास की समदं वाटुळं हुतं."

"पाळी माझी हाय."

"आसू दे की. पानी आनायचं मला काय नवीन हाय का? जलमभर त्येच केलंय. आमच्याकडं उनाळ्यात चार-चार मैल जातो आमी. हितं तर खाली झरा वाहतोय."

"बिब्या, मी जातो."

"बस म्हन्लं ना. फकस्त येक कर. विकेट पडली की थाळी वाजव. येकदाच. आन् जिंकलो तर वाजवतच ऱ्हा, म्हंजी मला खाली कळंल."

साहेब बघत होते. हसले आणि मान हलवली. कॅन घेऊन तो गेला. मी पेटीवर बसलो. ही दुसरी चूक, आणि ती माझी एकट्याची.

पंधरा पंचावन्नला एक विकेट पडली. मी थाळी एकदा वाजवली. सोळा चारला दुसरी. पुन्हा एकदा. खालून त्यानं शीळ घातली, ती मला ऐकू आली. म्हणजे तो झऱ्यावर पोहोचला होता आणि ऐकत होता. सगळ्यांनी माझ्या पाठीत थापा मारल्या. मला लई बरं वाटलं. खरं सांगतो, त्या घडीला मला वाटलं की खरंच माझ्या बसण्यानंच विकेट पडतायत.

सोळा बाराला शेवटची विकेट पडली. आम्ही जिंकलो. मी थाळी घेतली आणि पळीनं बडवत सुटलो. सगळी पोस्ट ओरडत होती. समोर एकदम सुनसान.

कव्हरला वर जो जवान होता त्यानं नंतर सांगितलं. बिभीषण परत येताना उघड्या पट्ट्यात मधोमध होता. पळत होता. थाळी ऐकली आणि थांबला. हातातला कॅन खाली ठेवला, आमच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले. तीन सेकंद, फार तर चार.

समोरून गोळ्यांचा एकच बर्स्ट आला. सोळा तेरा.

"वॉटर पार्टी डाऊन! वॉटर पार्टी डाऊन!"

कव्हरचा जवान ओरडत होता. थाळी माझ्या हातातच होती. साहेब ओरडले, "एलएमजी, फायर! अंकुश, माझ्याबरोबर!" मागे ऑपरेटरचा आवाज ऐकू येत होता.

"वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

"सीरियस. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

आम्ही सरपटत गेलो. त्याचे पाय धरून ओढत दगडाच्या आड आणला. गोळ्या पाठीतून छातीत गेल्या होत्या, दोन. मी हातानं दाबून धरलं. स्ट्रेचर सोळा पन्नासला आलं. तो सोळा चाळीसला गेला. लोक विचारतात, शेवटचं काय बोलला? काही नाही बोलला. माझ्याकडे बघत होता. ओळखत होता की नाही, ते मला ठाऊक नाही.

पाठीवरच्या कॅनला गोळी लागून तो रिकामा झाला होता. खाली ठेवलेला छोटा कॅन तसाच उभा होता, भरलेला. अंधार पडल्यावर मी तो वर आणला. दुसऱ्या दिवशी धुकं आलं, पाणीही आलं, पण त्या कॅनला कोणी हात लावेना. तो कोपऱ्यात राहिला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः त्यातून पाण्याचा मग भरला, प्याले आणि म्हणाले, "सगळ्यांनी प्यायचं. हुकूम आहे." आम्ही एकेक घोट प्यालो.

दिवसा माणूस खाली पाठवल्याची जबाबदारी साहेबांनी स्वतःवर घेतली. पेटीचं आणि थाळीचं कुठल्याच कागदात आलं नाही. घरी निरोप गेला की मॅच चालू असताना पोस्टसाठी पाणी आणायला गेला होता. बॉडीबरोबर दुसरे लोक गेले.

त्यानंतर मी दोनदा सुट्टीवर आलो. दोन्ही वेळा गेवराईला जायला म्हणून निघालो. मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरलो, ढाब्यावर चहा प्यालो, गेवराईची एसटी समोरून गेली ती बघितली आणि घरी परत आलो. फौजी माणूस म्हणवून घेतो मी, आणि एका म्हाताऱ्याला भ्यालो.

तिसऱ्या सुट्टीला दुष्काळाचं दुसरं साल होतं. रानात काडी नव्हती. साखर कारखान्याच्या मोकळ्या जागेवर चारा छावणी उघडली होती. गाळपाला ऊसच नव्हता, जो होता तो तोडून गुरांना घालत होते. या खेपेला मी एसटीत बसलो आणि उतरलो नाही. गावात शेजाऱ्यानं सांगितलं, "आबा छावनीत. मेंढरं इकली, दोन बैलं आन् गाय घिऊन तिकडंच ऱ्हात्यात."

छावणीत पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. टँकरची रांग, शेणाचा वास, आणि मधल्या मांडवात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लावलेला. मॅच. समोरच्यांशीच. शे-दीडशे माणसं. सगळ्यात पुढं, पोत्यावर, फेटा बांधलेला एक म्हातारा. नाक बिभीषणचं. विचारायची गरज पडली नाही.

"आबा, मी अंकुश. बिभीषणच्या पोस्टवरचा."

त्यांनी वर बघितलं. "अंकुश व्हय? पत्रात लिवायचा तुजं. बस की. उबा कावून?"

मी उभाच राहिलो. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ फौजी, बसा की खाली, आमाला दिसंना!" मी बाजूला सरकलो, आबा उठून माझ्याबरोबर बैलांकडे आले. बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"येक इचारू?"

"विचारा."

"त्या दिशी मॅच हुती म्हनं. कोन जिंकलं?"

"आपण, आबा."

"आस्सं." त्यांनी बैलाची पाठ थोपटली. "त्याला कळलं का?"

दोन वर्षं मी नाना प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. हा प्रश्न त्यात नव्हता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर म्हातारा सुखानं मॅच बघत बसला असता. पण कळलं कसं, ते सांगितल्याशिवाय ते 'हो' खोटं झालं असतं. मी सगळं सांगितलं. पाळी, पेटी, थाळी, तीन सेकंद. किती वेळ लागला ते घड्याळात बघितलं नाही. घड्याळ विसरायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

आबांनी मला एक शिवी दिली. ती इथं लिहीत नाही. मग म्हणाले, "मला ह्यो खेळ कळत न्हाई. तरी दोन साल झाली, लावला की म्होरं येऊन बसतो. पोरगं मेलं तवा काय चाललं हुतं ते बगावं म्हनून. आन् तुला समदं ठावं आसून तू आत्ता येतोस व्हय रं?"

मी म्हटलं, "चुकलो."

ते उसाच्या शेंड्याचं वाढं मोडून बैलापुढं टाकत राहिले. मांडवात ओरडा झाला, कोणीतरी बादली बडवली. विकेट पडली असणार. आम्ही दोघांनीही तिकडं बघितलं नाही. बादली थांबली, तेव्हा आबांनी विचारलं,

"पानी पोचलं का वर?"

"एक कॅन सांडला. एक पोचला."

"प्यालात?"

"प्यालो. सगळे."

"तू?"

"मीही."

आबांनी मान हलवली. "मग ठीक हाय," म्हणाले. "समदं सांडलं आसतं तर लई वाईट वाटलं आसतं." आणि मग खाली बसून रडले, आवाज न काढता. मी शेजारी बसलो. मीही रडलो. बैल आपले खात होते.

निघताना त्यांनी टँकरच्या पाण्याचा तांब्या भरून माझ्यापुढं धरला. मी तो उभ्यानं संपवला, थेंब सांडू दिला नाही. आबा आता नाहीत. ते होते तोवर प्रत्येक सुट्टीला जात होतो, फाट्यावर न उतरता.

पेन्शनवर येऊन मला बरीच वर्षं झाली. समोरच्यांशी मॅच असली की घरात गर्दी होते. नातवंडं म्हणतात, आजोबा, बसा ना, तुम्ही बसलात की आपण जिंकतो. त्यांना कुणी शिकवलं नाही, आपोआप येतं ते. मी बसत नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो, आणि कोणाला पाणी हवं असलं तर मी आणून देतो.

सिपाही बिभीषण थोरात, तालुका गेवराई, जिल्हा बीड. गोळी लागली सोळा तेरा, गेला सोळा चाळीस. पाण्याची पाळी माझी होती.