पोरं हसली की पोटात गोळा

शाळेत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, बाकांखालच्या पेन्सिलींसारखे ते आपोआप साठतात. आमच्याकडे स्टाफ दोघांचा, हेडसर आणि मी. त्यामुळे सरांचे किस्से मी सांगते आणि माझे सर! पण सगळ्यात जास्त किस्से सोनलचे.

शाळा मुरबाड-माळशेज रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे आत वळलं की. सोनल तिसरीत. जन्मापासून हातपाय आखडतात, वॉकर धरून चालते, शब्द जिभेवर अडतो. डोकं मात्र फास्ट! अंगणवाडीत पोरं तिला हसली होती, ते तिचे वडील काशिनाथदादा विसरलेले नाहीत. दाखल करतानाच म्हणाले, "बाई, एकदा जरी कोण हसला ना, दुसऱ्या दिवशी पोरगी घरी. मंग मला शाळा नाय पायजे."

माणूस बोलेल ते करणारा. तेव्हापासून वर्गात कुणी खुदकन हसलं तरी मी आधी सोनलकडे बघते.

* * *

एकदा मी ऑफिसात, आणि वर्गातून हशाचा नुसता धबधबा! गेली पोरगी, म्हणत मी धावले. एक चप्पल ऑफिसातच राहिली. दारात जाऊन ओरडले, "कोण हसतंय रे तिला?"

सोनल मधोमध उभी, पोट पुढे काढून, चष्मा नाकाच्या टोकावर आणल्यासारखा चेहरा करून.

"बा…ई, मला नाय हसत," ती म्हणाली. "स…रांना हसतात!"

माझ्या मागे सर उभे होते.

* * *

मग रॅम्प आला. तपासणीच्या आधी पूर्ण करायचा म्हणून गवंड्याने घाईघाईत बांधला. जागा कमी, पायरी उंच, त्यामुळे चढ असा झाला की शेळ्यासुद्धा बिचकत होत्या! पोरांनी पहिल्याच दिवशी त्याची घसरगुंडी केली.

सर मोठ्या अभिमानाने सोनलला घेऊन गेले. मी मागोमाग, पडली म्हणजे? तिने वॉकर थांबवला, वर बघितलं, खाली बघितलं.

"सर, तु…मी आधी."

सर अर्ध्यावरून परत आले. रॅम्प दुसऱ्या आठवड्यात फोडून लांब केला.

* * *

शहापूरहून एक ताई वह्या वाटायला आल्या. मनाने चांगल्या हो! पण सोनलला बघितलं आणि डोळ्यांना पदरच लावला. "अरेरे! देवाने काय हे! बिचारी गं बिचारी!" तिच्या डोक्यावरून हात फिरवतायत, थांबतच नाहीत.

सोनलने माझी ओढणी ओढली. "बाई, यांना कु…ठं दुखतंय?"

* * *

पावसाळ्यात ती अंगणात घसरली. मी "अगं बाई!" करत धावले आणि तिच्या पुढ्यातच चिखलात सपाट! चिखलात बसल्या बसल्या सोनलने फर्मान सोडलं, "पो…रांनो, आधी बाईंना उचला!"

पोरं पोट धरधरून हसली. मला हसली. एवढं हायसं वाटलं ना, कंबर दुखत होती तरी!

* * *

आणि तो दिवस. शिक्षण खात्याचे मोठे साहेब परिपाठाला येणार, आणि सावधान-विश्रामच्या ऑर्डर द्यायचा नंबर नेमका सोनलचा. सर कानाशी आले, "मॅडम, नंबर बदलू या?" तेवढ्यात काशिनाथदादांची बाईक गेटवर. इंजिन चालूच.

"बाई, आज नको. सायबापुढं हसली पोरं, तर मी तिला इथूनच नेतो."

मी सोनलजवळ वाकले. "उद्या करशील का गं?"

"आ…ज माझा नंबर हाय."

साहेब आले. रांगा लागल्या. सोनल पुढे गेली, मान ताठ. "सा…व…धान!" सगळ्यांचे पाय जुळले, साहेबांचेसुद्धा. आता विश्राम. "वि…वि…" शब्द अडला. मानेच्या शिरा तटतटल्या. पुन्हा "वि…" मी रांगांकडे बघायला घाबरत होते. आता एक जरी पोर फिसकन हसलं, तर संपलं सगळं! साहेबांना घाम आला, त्यांनी हळूच रुमाल काढला.

पहिलीच्या रांगेतून चिमणा आवाज आला, "सायेब, हलू नका! अजून सावधान हाय!"

रुमाल नाकाशीच थांबला. कुणी हसलं नाही.

"वि…श्राम!"

रांगा सैल झाल्या. साहेबांनी घाम पुसला. मी गेटकडे बघितलं. बाईक बंद होती. काशिनाथदादा तिच्या शेजारी उभे, पाय जुळवलेले, हात सरळ खाली, नजर समोर. हलायला तयार नाहीत.

सोनलनेही बघितलं.

"बा…बा," ती म्हणाली, "तु…मी पण विश्राम!"