न पाहता दिलेली दाद

रविवारी सकाळी एका गालाला साबण लावलेला असताना मी प्रल्हादभाऊंच्या मृत्यूच्या बातमीखाली ‘अप्रतिम! काय टिपलंय, भाऊ! लाजवाब!’ असं लिहिलं.

हे एक वाक्य कागदावर यायला कितीतरी आठवडे गेले. आता आलंच आहे तर बाकीचंही सांगून टाकतो. अमरावती आणि अकोल्याच्या आम्हा हौशी फोटोवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. कोणी डॉक्टर, कोणी मास्तर, अंजनगावचे एक संत्रावाले, मी वकील. दर रविवारी सकाळी प्रत्येकानं आठवड्यातला एकच फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्याचं कौतुक करायचं. नियम कोणी लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. तुम्ही माझ्या बगळ्याला ‘वा’ म्हटलं तर मी तुमच्या सूर्यास्ताला ‘वा’ म्हणणार. नाही म्हटलं, तर पुढच्या रविवारी तुमचा सूर्यास्त बिनदादेचा मावळणार. माझ्या मोबाइलला तर इतकी सवय झाली होती की नुसता ‘अ’ दाबला की तो ‘अप्रतिम’ पुढे करायचा. फोटो उघडायचीसुद्धा गरज पडत नसे.

त्या रविवारी प्रल्हादभाऊंच्या नंबरावरून फोटो आला. खाली मजकूर जरा लांब होता. मोबाइल अशा मजकुराच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दाखवतो, बाकीचं बोट लावून उघडावं लागतं. ‘नमस्कार. बाबांच्या फोनवरून मी त्यांची मुलगी लिहिते आहे. हा फोटो बाबांनी परवा अंगणात काढला होता...’ एवढं दिसत होतं. मी तर तेवढंही वाचलं नाही. माझ्यामागून डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, एका मास्तरांनी ‘प्रकाशाचा खेळ सुंदर’ म्हटलं. शेवटी अंजनगावच्या संत्रावाल्यांनी लिहिलं, “अरे, खालचं वाचा न बाप्पा! माणूस गेला!”

मग आमची जी धांदल उडाली! प्रत्येकानं आपापलं कौतुक पुसून टाकलं. पण पुसलं की मोबाइल तिथं ‘हा संदेश हटवला गेला’ असं लिहून ठेवतो. प्रल्हादभाऊंच्या शेवटच्या फोटोखाली तशा ओळींची रांग लागली आणि त्या रांगेत पहिली ओळ माझी. मुलीनं सगळं आधीच वाचलं होतं, तशी खूणही दिसत होती. शनिवारी संध्याकाळी जेवणाआधी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचण्यापूर्वीच सगळं संपलं, असं तिनं लिहिलं होतं. अकरा वाजता अकोल्यात अंत्यविधी. अमरावतीहून लगेच निघालो असतो तर गाठलं असतं. मी उरलेली दाढी केली, पँट चढवली, चपला घातल्या आणि दारातून परत फिरलो. त्या मुलीपुढे कोणतं तोंड घेऊन उभं राहणार होतो?

प्रल्हादभाऊ अकोल्याला जिल्हा परिषदेत नोकरीला होते. घरची थोडी शेती बाळापूरकडे, ती त्यांचे धाकटे भाऊ पाहायचे. आमची पहिली भेट बाळापूरच्या किल्ल्यावर झाली. ग्रुपची सहल होती. मी किल्ल्यासमोर मधोमध उभा राहून, भिंती सरळ धरून फोटो घेत होतो. मागून एक उंच, सावळा माणूस माझ्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, फोटो काढून राहिले का पंचनामा करून राहिले?” ओळख ना पाळख! मला असा राग आला की काय सांगू. तिथेच दोन शब्द सुनावले. तो गृहस्थ हसला, माझा हात धरून मला बुरुजाच्या सावलीत घेऊन गेला आणि म्हणाला, “इथून पाहा. रागवा मंग.” तिथून किल्ला खरंच किल्ल्यासारखा दिसत होता... मला मुकाट्यानं फोटो घ्यावा लागला. पुढे त्याच फोटोला कोर्टातल्या आमच्या बार रूममध्ये जागा मिळाली. तो मला कुणी उभं करून काढायला लावला, हे मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांचं प्रेम असं खडबडीत होतं. ग्रुपवर तेही बाकीच्यांसारखं ‘छान’ लिहायचे, कारण चारचौघांत कुणाचा पाणउतारा करणं त्यांना पटत नसे. खरं ते फोनवर सांगायचे. रविवारी संध्याकाळी फोन वाजला की बायको म्हणायची, “घ्या, तुमचं अपील आलं.” माझा फोटो समोर ठेवून ते बोलायचे. पक्षी फार मधे बसवला, आभाळ फुकट गेलं, त्या पोराच्या डोळ्यांऐवजी कानावर फोकस पडला. मी वाद घालायचो, आवाज चढवायचो, आणि पुढच्या रविवारी गुपचूप तसं करायचो. माझे फोटो सुधारले ते त्यांच्या फोनमुळे. फोन ठेवण्याआधी मात्र ते दर वेळी विचारत, “बरं, आता माह्या फोटोचं सांगा. खरं खरं सांगजा.”

मी काय सांगणार, कपाळ? पाहिलेलाच नसायचा. “अहो, तुमचा फोटो म्हणजे काही बोलायलाच नको,” असं म्हणून वेळ मारून न्यायचो. पलीकडे थोडा वेळ शांतता... मग “हाव, बरं,” असं म्हणून ते फोन ठेवायचे. वकिली डोकं माझं, पण त्या शांततेचा अर्थ काही मला लावता आला नाही. किंवा लावायचा नव्हता, असं म्हणू.

एकदा अमरावतीत हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. एकाचा एकच फोटो लागणार होता. प्रल्हादभाऊंनी मला तीन पाठवले. “तुमी सांगा तो देतो,” म्हणाले. मी कोर्टाच्या व्हरांड्यात होतो, पुकारा व्हायचा होता, पक्षकार बाही ओढत होता. न उघडताच लिहिलं, ‘दोन नंबरचा.’ त्यांनी तो मोठा करून घेतला, चौकट लावली आणि एसटीत मांडीवर धरून अकोल्याहून आणला. भिंतीवर लागल्यावर मी तो पहिल्यांदा पाहिला. एक म्हातारी भाजी निवडत बसलेली आणि तिच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला. बघणारे हसत होते. “आजीले करंट लागला,” असं कोणीतरी म्हणालं. प्रल्हादभाऊ शेजारीच उभे होते. बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी हळूच विचारलं, “तुमाले तो खांब दिसला नाई का हो?”

“दिसला की. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलाय,” मी म्हणालो.

इतकं सराईतपणे म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. त्यांनी बशीतला चहा संपवला. “मुद्दाम... असं?” एवढंच म्हणाले. परतीच्या एसटीत त्यांना बसवून देताना ती चौकट मी खिडकीतून आत दिली. ती त्यांनी उलटी करून मांडीवर ठेवली, काच खाली. त्या दिवशी मला शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. सुटलो बुवा, असं वाटलं!

तेरवीलाही मी गेलो नाही. नंतर एकदा अकोल्याच्या कोर्टात तारीख निघाली आणि टाळायला काही उरलंच नाही. काम आटोपून त्यांच्या घरी गेलो. मुलगी पुण्याला परतली होती. वहिनींनी पाणी दिलं. मी मान खाली घालून म्हणालो, “वहिनी, त्या दिवशी ग्रुपवर माझ्याकडून जे झालं...”

“जाऊ द्या न भाऊ,” त्या म्हणाल्या. “तिले आधी राग आला होता. मी म्हटलं, बाई, त्या लोकायची रीतच आहे ते.”

मग त्यांनी मला आतली खोली दाखवली. एक पूर्ण भिंत फोटोंनी भरलेली. प्रल्हादभाऊ आपण ग्रुपवर टाकलेला प्रत्येक चांगला फोटो छापून आणत आणि इथे लावत, हे मला ठाऊकच नव्हतं. “आठवण म्हणून एक घेऊन जा,” वहिनी म्हणाल्या. “तुमाले आवडलेला कोनता, ते सांगा. मी काढून देते.”

मी भिंतीकडे पाहत उभा राहिलो. या प्रत्येकाखाली मी ‘अप्रतिम’ लिहिलेलं होतं. आणि त्यातला एकही मला ओळखू येईना! एकही नाही. आपल्याच गावात रस्ता चुकावा तसं झालं.

वहिनींनीच एका फोटोवर बोट ठेवलं. गच्चीवर पांढऱ्या धोतरावर कुरडयांच्या रांगा, मधे उकडलेल्या चिकाचं पातेलं, आणि हातात सोऱ्या धरलेल्या वहिनी कॅमेऱ्याकडे असं पाहत होत्या की आता ‘कायले फोटो काढून राहिले?’ म्हणून सोऱ्याच फेकून मारतील. कपाळावर घाम, पदर खोचलेला, आणि ओठांच्या कडेला आवरून धरलेलं हसू.

“याच्याखाली तुमी लिहिलं होतं, ‘निसर्गाचं अप्रतिम रूप’,” वहिनी म्हणाल्या. “हे दिवसभर हासत होते. मले म्हनत, निसर्गा, चहा ठेव. निसर्गा, माहा चष्मा कुठी आहे?” बोलता बोलता त्या हसल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी पाहत नाही हे माहीत असून तो माणूस दर रविवारी विचारत होता, खरं खरं सांगजा म्हणून. माझे कान तापले. पन्नाशी ओलांडलेला, काळा कोट घातलेला माणूस, मला त्या भिंतीत शिरून नाहीसं व्हावंसं वाटलं.

“रागावले नाहीत कधी?” मी विचारलं.

“तुमच्यावर? नाई. म्हनत, येखांद्या रविवारी पाहतीन वकीलसाहेब.”

मग माझ्यानं राहवेना. “वहिनी, खरं सांगतो. मी यातला एकही फोटो पाहिलेला नाही.”

वहिनींनी डोळे पुसले. कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यांनी भिंतीसमोर ठेवली.

“मंग आता पाहा न, भाऊ,” त्या म्हणाल्या, “मी चहा मांडते,” आणि आत गेल्या.

मी बसलो. डावीकडून पहिला फोटो तळ्याचा होता. बराच वेळ पाहिला. मग त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणालो, “आभाळ जास्त झालं, भाऊ. पाणी कमी पडलं.” आणि थांबलो... कारण आता वाद घालायची पाळी त्यांची होती.